पातेल्याचा कान, गाडीचा कान

“या पंचक्रोशीत माझ्यासारखा वेल्डर नाही!” असं चिंतूनाना पोपळघट छाती काढून सांगत. समोरचा माणूस मान डोलवायच्या आत स्वतःच पुढे म्हणत, “कसा असेल? दुसरा वेल्डरच नाही.”

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात हे एक नाना होते. पूर्ण नाव चिंतामण. नावात होती तेवढीच चिंता. बाकी अंगात शोधूनही सापडली नसती. शाळा चौथीपर्यंत. मास्तरांच्या खुर्चीचा पाय ढिला करून ठेवला म्हणून ती चौथीतच संपली, असं गाव म्हणे. नाना म्हणत, “पाय ढिला नव्हता. मास्तर जड होते.”

दुकानावर पत्र्याची पाटी होती, ‘येथे काहीही जोडून मिळेल’. पाटी टांगायला तिला दोन कान होते. त्यातला एक केव्हाच तुटला होता आणि ती बाजू नानांनी सुतळीनं बांधून ठेवली होती. वारा आला की पाटी एका कानावर लटकून डुलायची.

आता कान म्हणजे काय, ते आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ही सगळी गोष्ट कानाचीच आहे. वस्तूला धरायला, टांगायला किंवा तिच्यात बोल्ट घालायला बाहेर काढलेला जो लहानसा भाग असतो, त्याला कारागीर कान म्हणतात. पातेल्याला कान असतात. पाटीला असतात. मोटरसायकलच्या सांगाड्यालाही असतात. इंजिन त्यांनाच बोल्टनं लटकलेलं असतं. माणसालाही दोन असतात, पण त्यांचा उपयोग नाना स्वतःच्या सोयीनं करत.

म्हणजे असं, की नानांना साठीतही सशासारखं ऐकू यायचं. पण अडचणीचा प्रश्न आला की लगेच हात कानामागे जाई.

“नाना, तुम्ही केलेली खिडकी वाकडी बसलीय.”

“काकडी? नको बाबा, सर्दी होते.”

माणूस हसत हसत घरी जाई आणि वाकड्या खिडकीतूनच पुढची दहा वर्षं बाहेर बघे.

दुसरी मस्करी उंबरठ्याची. उंबरठ्यावरच्या लोखंडी पट्टीला नानांनी पाच रुपयांचं नाणं पक्कं डकवून टाकलं होतं. नवा माणूस आला की आधी इकडेतिकडे बघे, मग चप्पल नीट करायच्या निमित्तानं वाकून नाणं उचलायला जाई. नख तुटे, नाणं हलत नसे. आतून नाना ओरडत, “राहू द्या, नमस्कार पोचला!” सरपंच वाकले. ग्रामसेवक दोनदा वाकले, कारण पहिल्यांदा त्यांना वाटलं आपला जोर कमी पडला. एक कीर्तनकार बुवा वाकले आणि उठताना म्हणाले, पायातला काटा काढत होतो. तुम्हीही वाकला असता, उगाच मान हलवू नका. पण नाना सगळ्यांना लगेच खरं सांगत. मग वाकलेला माणूसही हसे, आणि पुढचा कोण वाकतो ते बघायला पायरीवर बसून राही.

एक शब्द मात्र नानांच्या दुकानात कोणी ऐकला नव्हता. ‘जमत नाही.’ आज्यानं नांगराचे बोथट फाळ ठोकून टोकदार केले, बापानं बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवल्या, नानांनी गेट, गज, कुलपं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सगळं जोडलं. तीन पिढ्यांत हा शब्द भट्टीजवळ फिरकला नव्हता. काहीही आलं तरी नाना म्हणत, “ठेवून जा.”

त्या गावात गुरांच्या नव्या डॉक्टर आल्या होत्या. नाव यामिनी गुरव. त्यांची मोटरसायकल गावात कोणाकडे नव्हती अशी होती. एका शहरी माणसानं ती डोंगर-दऱ्या पालथ्या घालायला घेतली होती. मग त्याला जुळी झाली आणि त्यानं गाडी विकून टाकली. डॉक्टरबाईंनी ती घेतली, मागे लसीचं थंड खोकं बांधलं आणि घाटावरच्या पाड्यांना जायला लागल्या. गाडीचा सांगाडा लोखंडाचा नव्हता, अ‍ॅल्युमिनियमचा होता. तो हलका असतो हे कळल्यावर गावातल्या प्रत्येक बाप्यानं गाडी एकदा मागून उचलून पाहिली. तिसऱ्याच्या कंबरेत उसण भरली, तेव्हा कुठे ते थांबलं.

एका सकाळी डॉक्टरबाई ही गाडी ढकलत नानांच्या दारात आल्या. उंबरठ्यावरचं नाणं त्यांनी पाहिलं आणि सरळ ओलांडून आत आल्या.

“वाकल्या नाहीत?” नाना हिरमुसले.

“सकाळपासून अडलेल्या म्हशीशी वाकून झटापट केलीय, नाना. माझ्याजवळ आता कंबर शिल्लक नाही.”

नानांना बाई तिथल्या तिथे आवडली.

“बरं, गाडीला काय झालं?”

“कान तुटला.”

“कोणाचं ऐकत नसेल.”

डॉक्टरबाई हसल्या, मग गुडघ्यावर बसून त्यांनी दाखवलं. इंजिन वरून धरणारे दोन कान होते, एक उजवा, एक डावा. डावा मुळातून तुटून बोल्टावर नुसता लोंबत होता.

“आधी बारीक भेग होती,” त्या म्हणाल्या. “आठ दिवस करकर आवाज यायचा. म्हणून घाटात वळण आलं की मी उतरायची, गाडी ढकलत न्यायची, वळण संपलं की परत बसायची. काल गावात शिरताना पूर्ण तुटला. परवा मला वरच्या पाड्यांवर जायचंय. पलीकडच्या खोऱ्यात घटसर्पानं जनावरं मरायला लागलीत, लस टोचायलाच हवी. गाडी नसली तर मी दुधाच्या टेम्पोनं जाईन. हेलपाटे पडतील, पण जाईन. तेव्हा माझ्या घाईचा विचार करू नका, मला फक्त खरं सांगा. हे लोखंड नाही, अ‍ॅल्युमिनियम आहे. आणि वर घाट आहे. जमेल का?”

नानांनी तुटलेल्या कानावर अंगठा फिरवला. अ‍ॅल्युमिनियम! म्हणजे जर्मनच की. गावात अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात, आणि जर्मनच्या पातेल्यांचे कान तर नानांनी शेकड्यांनी जोडले होते. लग्नाचा भात ज्यात शिजतो त्या हंड्यांचेसुद्धा. कान तो कान. पातेल्याचा काय नि गाडीचा काय.

तरी आत कुठेतरी काहीतरी खुपलं. पातेल्याचा कान चुलीपासून पंगतीपर्यंत जातो. वाटेत घाट लागत नाही. पण ‘जमेल का’ हा प्रश्नच असा होता, की त्याचं खरं उत्तर ‘बघावं लागेल’ असं होतं, आणि ते म्हणायची जिभेला सवय नव्हती. नानांचा हात आपसूक कानामागे गेला.

“काय म्हणालात? जेवाल का? अहो, हे मी विचारायचं! बसा, पिठलं आहे.”

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. प्रश्न त्या हसण्यात वाहून गेला.

“ठेवून जा,” नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नानांनी टाकी उतरवली, बॅटरीच्या तारा सोडल्या, इंजिनाखाली लाकडी ठोकळा दिला आणि गॅसची नळी पेटवली.

लोखंड हा भला गडी आहे. तापला की लाजतो. आधी काळसर तांबडा होतो, मग लाल, मग केशरी, मग पिवळा. वितळायच्या आधी चार वेळा सांगतो, की बाबा, आता मी वितळणार. नानांचं सगळं आयुष्य या लाजण्याकडे बघण्यात गेलं होतं. जर्मन मात्र लाजत नाही. मिनिटामागून मिनिट ते चंदेरी तोंड करून स्थिर बसतं आणि मग एका क्षणात गुळाच्या पाकासारखं खाली बसतं. पातळ पातेल्यावर नानांना ही खोड माहीत होती. तिथे ज्योत नुसती फिरवली तरी काम होई. पण हा कान बोटभर जाड. वरचं वितळलं तरी आतलं थंड, आणि आतलं तापेपर्यंत वरचं ओघळलेलं. एकदा कड खचली. दुसऱ्यांदा भोक पडलं. तिसऱ्यांदा नानांनी जुन्या पातेल्याच्या काठाची सळई करून, भांड्यांसाठी वापरायची पांढरी पूड लावून, वरून एक थर बसवला. तो बसला. साय धरावी तसा वरवर बसला.

नाना कानशीनं घासत गेले. खाचखळगे होते तिथे लांबी भरली. लांबी म्हणजे गाड्यांचे पोचे बुजवायला लावतात तो लगदा. वाळला की घासावा, मग खाली काय आहे ते ब्रह्मदेवालाही दिसत नाही. त्यावर चंदेरी रंगाचे दोन हात दिले. डावा कान उजव्यापेक्षा देखणा झाला. उजवा बिचारा त्याच्याशेजारी म्हातारा दिसायला लागला.

मग बोल्ट घालायच्या आधी, केवळ सवयीनं, नानांनी बारीक हातोडीनं दोन्ही कानांवर एकेक टिचकी दिली. बापानं शिकवलेली रीत होती ती. जोड चांगला की वाईट, ते डोळ्यांना नाही, कानाला विचारायचं.

उजवा म्हणाला, टण्.

डावा म्हणाला, थप्.

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. प्रश्न कोणी विचारला नव्हता. तरी नानांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आणि बोल्ट घालायला घेतला. गावाशी बहिरेपणाचं सोंग त्यांनी हजारदा केलं होतं. स्वतःशी केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई खोकं खांद्याला अडकवून आल्या. कान पाहिला आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

“अगंबाई! हा तर नवाच दिसतोय!”

“आमचा हात आहे तो,” नाना म्हणाले. नेहमीसारखं पुढचं वाक्य मात्र त्यांना सुचलं नाही.

“पक्कं झालंय ना, नाना?”

हात कानामागे गेला. “पिकलंय? नाही हो, यंदाचा आंबा अजून कच्चाच आहे.”

डॉक्टरबाई हसल्या. नानाही हसले, पण त्यांचं हसू अर्ध्यावरच राहिलं. कच्चा. मस्करीत का होईना, खरा शब्द तोंडातून निघून गेला होता. ऐकणारीला तो आंब्याचा वाटला.

“बरं झालं बाई,” खोकं मागे बांधता बांधता डॉक्टरबाई म्हणाल्या. “आठ दिवस प्रत्येक वळणावर उतरून उतरून पाय गेले माझे. आज उतरायला नको. आज निर्धास्त जाईन. डेअरीवर बर्फ भरते आणि निघते.”

गाडी गेली. आवाज मोठा छान येत होता.

नाना स्टुलावर बसले. ‘आज उतरायला नको’ हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. कान तुटलेला होता तोवर बाई जपून जात होती. तो करकर करत होता, तिला उतरवत होता, ढकलायला लावत होता. तुटका कान इमानी होता म्हणायचा. आणि आता तो गप्प होता, चकचकीत होता, अन् तिला सांगत होता, बस, निघ.

तेवढ्यात दारात कोणी परका माणूस आला. मिरचीचं बियाणं विकणारा. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि नाण्यासाठी वाकला. आतून आरोळी आली नाही. माणूस बराच वेळ खाजवत राहिला. शेवटी नाना हलक्या आवाजात म्हणाले, “डकवलेलं आहे ते.”

माणूस दचकला, लाजला आणि मग पोट धरून हसला. “भले म्हातारबा! काय फसवलंत!”

नाना त्याच्याकडे बघत राहिले. हा फसला आणि हसतोय. सरपंच हसले, बुवासुद्धा शेवटी हसले. मस्करी म्हणजे काय? तर ज्याला फसवलं त्याला आपण खरं सांगतो, आणि मग दोघं मिळून हसतो. चांदीसारख्या कानाची मस्करी आपण कोणाला सांगितलेली नाही. मग ती सांगणार कोण? घाटातलं दरीच्या काठावरचं तिसरं वळण सांगेल. आणि तेव्हा हसायला कोण असेल?

नाना उठले. हातोडी घेतली. बियाणंवाल्याला म्हणाले, “दुकान बघा,” आणि मागच्या बोळातून पळत सुटले. साठीचा माणूस, एक चप्पल बोळात राहिली, दुसरी त्यांनी स्वतःच फेकून दिली. कोंबड्या उडाल्या. एका म्हातारीनं विचारलं, “चिंतू, काय पेटलं?” नानांना खरोखरच ऐकू आलं नाही.

डेअरीवर डॉक्टरबाईंच्या खोक्यात बर्फ भरून झाला होता. त्यांनी गाडी सुरू केली आणि नाना पुढच्या चाकासमोर येऊन उभे राहिले.

“थांबा! जोड कच्चा आहे!”

डेअरीवर कॅन घेऊन दहा-बारा जण उभे होते. सगळे एकदम हसले.

“आज बहिरेपण बरं झालं वाटतं, नाना?” डेअरीवाला म्हणाला.

“जोड कच्चा की आंबा?” डॉक्टरबाईही हसत होत्या. “सरका नाना, उन्हं चढतील. बर्फ वितळायला नको.”

“मस्करी नाही करत मी!”

या वाक्यावर तर लोक आणखीच हसले. एकानं कॅन खाली ठेवून टाळी दिली. चाळीस वर्षं नानांनी गावाला हसायला शिकवलं होतं, आणि गाव अभ्यास चांगला करून आलं होतं. नानांनी हात जोडले, लोक हसले. नानांचे डोळे भरले, तेव्हा डेअरीवाला म्हणाला, “बघा बघा, डोळ्यांत पाणीसुद्धा आणतोय!”

डॉक्टरबाईंनी गिअर टाकला.

शब्दांचा उपयोग संपला हे नानांना कळलं. ते बाजूला झाले आणि वाकले. आपल्या उंबरठ्यावर गावाला वाकवणारा माणूस भर चौकात गाडीशेजारी गुडघे टेकून बसला. त्यानं हातोडी उचलली आणि उजव्या कानावर मारली.

टण्.

मग डाव्यावर. तेवढ्याच जोरानं, जास्त नाही.

थप्.

चंदेरी टवका उडाला. पांढरी लांबी भुगा होऊन खाली सांडली. कान मुळातून सुटला आणि इंजिन बोटभर खाली बसलं. गाडी बंद पडली.

कोणी हसलं नाही. बर्फाचं पाणी खोक्यातून थेंब थेंब गळत होतं तेवढाच आवाज.

नाना उठले नाहीत. जमिनीकडे बघतच म्हणाले, “मला जमत नाही.”

तीन पिढ्यांत न आलेला शब्द तो. आला, आणि आश्चर्य म्हणजे आकाश जागच्या जागी राहिलं.

“पातेल्याचा कान जमतो मला,” नाना पुढे म्हणाले. “गाडीचा नाही जमत. काल हातोडीनं सांगितलं होतं. आणि परवा तुम्ही विचारलंत, जमेल का, ते मला ऐकू आलं होतं. चांगलं ऐकू आलं होतं.”

डॉक्टरबाई खाली उतरल्या. त्यांनी तुटलेला तुकडा उचलला आणि उलटा करून पाहिला. वर नखाएवढा जोड होता. आत दोन्ही बाजू परवा होत्या तशाच वेगळ्या, एकमेकींची ओळख नसल्यासारख्या. तो त्यांनी नानांच्या हातात ठेवला. ओरडल्या असत्या तर नानांना सोपं गेलं असतं.

“तिसऱ्या वळणाखाली काय आहे, माहीत आहे ना तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“माहीत आहे.”

“मग उठा. ते खोकं उचला. दुधाचा टेम्पो निघतोय.”

“मी येऊ?”

“गाडी तुमच्यामुळे बंद आहे. टेम्पो फाट्यावर सोडतो, तिथून पाडे चालत. खोकं काय मी एकटी नेऊ? आणि वर शिंगं धरायला माणूस लागतो.”

त्या दिवशी नानांनी अनवाणी पायांनी चार पाडे पालथे घातले. खोकं वाहिलं, शिंगं धरली, शेपट्या धरल्या. एका तांबड्या गाईनं त्यांच्या मांडीवर अशी लाथ घातली, की पुढे पंधरा दिवस त्या गाईचा खूर निळा-जांभळा होऊन अंगावर राहिला. नाना म्हणाले, “हिला कोणी सांगितलं?” पण लस एकूण एक जनावराला टोचून झाली.

मग नानांनी गाडी टेम्पोत घालून तालुक्याला नेली. तिथे एक कारागीर आर्गन गॅसच्या मशिनवर अ‍ॅल्युमिनियम जोडत असे. वयानं नानांच्या मुलाएवढा. नाना त्याच्यासमोर पाटावर बसले आणि म्हणाले, “मला हे येत नाही. दाखवशील का?”

पोरगा गोंधळला. म्हातारा माणूस असं काही विचारतो, याची त्यालाही सवय नव्हती. पण त्यानं दाखवलं. आधी त्यानं जुना रंग, लांबी, तेल सगळं खरवडून काढलं. दोन्ही कडा तिरप्या घासल्या, म्हणजे जोड तळापर्यंत जाईल. मग पोलादी ब्रशनं चकाकी येईपर्यंत घासलं.

“एवढं कशाला घासतोस?” नानांनी विचारलं.

“काका, याच्यावर एक साय असते. दिसत नाही, पण असते. धातू वितळतो, साय वितळत नाही. साय तशीच ठेवून जोडलं, की वरून जोडल्यासारखं दिसतं आणि आत वेगळंच राहतं.”

कारागीर अ‍ॅल्युमिनियमबद्दलच बोलत होता, पण नानांना ते बरंच जवळचं वाटलं.

मग कारागिरानं उजवा बोल्ट हलवून पाहिला. तो ढिला होता. “हे बघा, सगळा भार डाव्यावर येत होता. नुसता कान जोडून भागलं नसतं. का तुटला तेही बघायला लागतं.” त्यानं कान जोडला, मागून जाड पट्टीचा आधार दिला, दोन्ही बोल्ट नीट आवळले आणि म्हणाला, “तरी दर महिन्याला ठोकून बघत जा. मी खात्री देतो, पण घाट मला ओळखत नाही.”

नानांचा हात कानामागे गेला होता. या वेळी खरंच ऐकायला.

गाडी गावात आली. नानांनी सगळ्यांसमोर दोन्ही कानांवर टिचकी मारली. टण्. टण्. त्या दिवसापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी डॉक्टरबाई दुकानापुढे गाडी थांबवतात, नाना हातोडी घेऊन बाहेर येतात, दोघं मान तिरकी करून ऐकतात, आणि मगच गाडी घाटाकडे जाते. उंबरठ्यावरचं नाणं अजून तिथेच आहे. त्याला नानांनी हात लावला नाही; ती मस्करी सांगण्यासारखी होती. बहिरेपण मात्र कमी झालं. पूर्ण गेलं असं नाही, इतकी सुधारणा माणसाला सोसत नाही.

दुकानावरची पाटी मात्र नानांनी उतरवली. ‘येथे काहीही जोडून मिळेल’ यातलं ‘काहीही’ खोडलं, त्या जागी ‘जमेल तेच’ लिहिलं. खाली जागा उरली होती. लोकांना शहाणं करायची हौस माणसाला उतारवयात होतेच. नानांनी तीन संध्याकाळी खर्चून, ऱ्हस्व-दीर्घ डॉक्टरबाईंना विचारून, तिथे बारीक अक्षरांत आणखी एक ओळ रंगवली. पाटी पुन्हा वर टांगली आणि पुढच्या सोमवारी टिचकी मारून झाल्यावर डॉक्टरबाईंना ती ओळ मोठ्या झोकात वाचून दाखवली:

तात्पर्य: तुटलेली वस्तू माणसाला सावध ठेवते, पण वरवरचा जोड त्याला निर्धास्त करून दरीत लोटतो; म्हणून जे आपल्याला जमत नाही, ते जमत नाही असं वेळेवर आणि तोंडानं सांगावं.

डॉक्टरबाईंनी ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली. वारा आला तशी पाटी एका बाजूला डुलली, आणि त्यांची नजर पाटीच्या वरच्या कोपऱ्याकडे गेली.

“कसं झालंय?” नानांनी विचारलं.

“झकास आहे, नाना. पण पाटीचा कान अजून सुतळीवरच आहे. तो जमतो की नाही, ते आधी सांगा. आणि हात खाली घ्या, मी मोठ्यानं बोललेय.”